हौशी नोंदकारांचे मैदान

(हीरकमहोत्सवी वर्षात जे. पी. नगर, बंगळूर येथील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरकमहोत्सवी मेळाव्यात संगणकावरील खेळांचा विषय निघावा, याचे काही ज्येष्ठांना नवल वाटेल. शाळेच्या क्रीडांगणाचे स्मरण करायचे सोडून पडद्यावरच्या मैदानाची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. परंतु महाराष्ट्रातून येऊन जे. पी. नगरसारख्या वसाहतीत स्थिरावलेल्या अनेक घरांत एक दृश्य परिचयाचे असेल. मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसलेली असते. पडद्यावर ना चेंडू दिसतो, ना धावणारी माणसे. दिसते ते एक लांबलचक कोष्टक, आणि त्यात खेळाडूंची नावे, जन्मतारखा आणि एक ते वीसपर्यंतचे आकडे भरण्याचे काम चाललेले असते. पालक म्हणतात, 'गेम खेळतोय.' वास्तविक त्या वेळी तो खेळत नसतो, नोंद ठेवत असतो.

क्रीडा-व्यवस्थापनाचे खेळ म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्यात खेळणाऱ्याने चेंडू मारायचा नसतो. त्याने संघ निवडायचा, सराव ठरवायचा, खेळाडूंची खरेदी-विक्री करायची आणि सामना संगणकाने खेळायचा. इंग्लंडमधील पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी १९९२ साली 'चॅम्पियनशिप मॅनेजर' हा असा फुटबॉलचा खेळ बाजारात आणला. पहिल्या आवृत्तीतील खेळाडूंची नावे काल्पनिक होती. पुढच्या आवृत्तीत खरी नावे आली आणि खेळाचे रूपच पालटले. कारण खरे नाव आले की खरा आकडा हवा, आणि खरा आकडा हवा तर तो खेळाडू प्रत्यक्ष पाहिलेला माणूस हवा. एवढी माणसे पगारावर ठेवणे कोणत्याही कंपनीच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून गावोगावच्या संघांवर जीव असणारे प्रेक्षक या कामी लागले. आज त्याच परंपरेतील 'फुटबॉल मॅनेजर' या खेळासाठी जगभरातून हजाराहून अधिक माणसे माहिती जमवतात. त्यांतील बहुतेकांचे पोट या कामावर चालत नाही.

२००३ साली कॉलियर बंधूंची कंपनी आणि तिचे प्रकाशक वेगळे झाले. 'चॅम्पियनशिप मॅनेजर' हे गाजलेले नाव प्रकाशकाकडे राहिले. माहितीचा साठा आणि सामना घडवणारी यंत्रणा मूळ कंपनीकडे राहिली. खेळणाऱ्यांनी नाव सोडले आणि माहितीमागे गेले. बाजारपेठेत असे फार वेळा घडत नाही.

या अधिकृत संशोधकांपलीकडे दुसरा एक वर्ग आहे आणि या व्याख्यानाचा खरा विषय तोच आहे. खेळ विकत घेतल्यावर त्यातील माहिती स्वतः दुरुस्त करणारे, वाढवणारे आणि ती फाइल इतरांना विनामूल्य देणारे हे हौशी संपादक. २००१ साली निघालेली 'चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२' ही आवृत्ती २००८ च्या अखेरीस मोफत करण्यात आली. तिच्या निर्मात्यांनी तिला हात लावणे केव्हाच सोडले आहे. तरीही तिच्यात आजच्या हंगामाचे संघ आणि खेळाडू भरण्याचे काम चाहते अजून करत असतात. 'फुटबॉल मॅनेजर'ची २०२५ ची आवृत्ती त्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीनेच रद्द केली, तेव्हाही आदल्या आवृत्तीत नव्या हंगामाची माहिती भरून खेळ चालू ठेवला तो चाहत्यांनीच.

काम दिसते तितके सोपे नाही. प्रत्येक खेळाडूला वेग, पास, हेडिंग, धैर्य, निर्णयक्षमता अशा अनेक गुणांसाठी एक ते वीसपैकी आकडा द्यावा लागतो. काही गुण खेळणाऱ्याला दिसतच नाहीत. सातत्य किती, दुखापतीचा कल किती, मोठ्या सामन्यात हातपाय गळतात की नाही, हे केवळ संपादकाला दिसते. त्यावर आणखी दोन आकडे: आजची क्षमता आणि उद्याची शक्यता, दोन्ही दोनशेपैकी. कोवळ्या खेळाडूच्या बाबतीत शक्यतेचा नेमका आकडा सांगता येत नाही, म्हणून तिथे उणे एक ते उणे दहा असा संकेत लिहिण्याची सोय आहे. उणे दहा लिहिले की संगणक एका उच्च पट्ट्यातून स्वतःच आकडा उचलतो आणि प्रत्येक नव्या डावात तो मुलगा थोडा वेगळा घडतो. भविष्याबद्दलचे अज्ञान कबूल करण्याची ही रीत मोठी शहाणपणाची आहे. शाळांच्या प्रगतिपुस्तकांतही तिला जागा मिळाली असती तर बरे झाले असते. केलेले बदल चालू डावाला लागू होत नाहीत, नवा डाव मांडावा लागतो. म्हणजे एक चूक दुरुस्त करायची तर आठवडाभर खेळलेल्या डावावर पाणी सोडण्याची तयारी हवी.

साहजिकच मोह असतो तो आपल्या लाडक्याला वीस देण्याचा. '०१/०२' याच आवृत्तीत पोर्तुगालमधील एका छोट्या क्लबात तो मदेरा नावाचा एक आघाडीवीर होता. त्याचे गुण असे की जगातील कोणताही बचाव त्याच्यापुढे टिकत नसे. देशोदेशींच्या खेळणाऱ्यांनी त्याला आपापल्या संघात घेतले. पुढे उघड झाले की अशा योग्यतेचा खेळाडू अस्तित्वातच नव्हता. ती माहिती पुरवणाऱ्याची थट्टा होती. नंतरच्या दुरुस्तीत ते नाव वगळले गेले. लोक आजही ती गोष्ट हसून सांगतात, पण हौशी संपादकांमध्ये तिचा उल्लेख धाक म्हणूनही होतो. ज्याची एक नोंद खोटी निघाली, त्याच्या उरलेल्या नोंदींवर विश्वास कोणी ठेवायचा?

हा धाक मराठी मुलखाला नवा नाही. मुंबईच्या मैदानांवर स्कोअरबुक घेऊन बसणारा माणूस हाच या संपादकांचा पूर्वज. आनंदजी डोसा आणि सुधीर वैद्य यांच्यासारख्यांनी संगणक नसताना वह्या आणि कात्रणे यांच्या बळावर भारतीय क्रिकेटची आकडेवारी सांभाळली. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. ती भागीदारी आज आख्यायिका न राहता पक्की नोंद म्हणून उभी आहे, ती सावलीत बसून एकेक धाव टिपणाऱ्यांमुळे. शालेय सामन्याच्या स्कोअररचे नाव मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता एक कोडे घ्यावे. एखाद्या मुलाने क्रिकेट-व्यवस्थापनाच्या खेळासाठी सर्वकालीन भारतीय संघाची फाइल तयार करायला घेतली आणि त्यात भाऊसाहेब निंबाळकरांना घ्यायचे ठरवले, तर त्यांना फलंदाजीचा आकडा किती द्यावा? कोल्हापूरच्या या फलंदाजाने डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती आणि ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा त्या वेळचा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. विक्रम हुकला. निंबाळकरांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही.

मराठी मनाला वाटेल, वीसपैकी वीस द्यावेत, अन्यायाची तेवढी तरी भरपाई होईल. पण कोष्टक भरपाई करण्यासाठी नसते. कसलेला संपादक म्हणेल की एका डावावरून माणूस जोखू नये. प्रतिपक्षाची गोलंदाजी पाहावी आणि संपूर्ण कारकीर्द मोजावी. निंबाळकरांच्या प्रथम श्रेणीच्या ८० सामन्यांत ४८४१ धावा आहेत, सरासरी ४७.९३. हा अतिशय भक्कम खेळाडूचा आकडा आहे, चमत्काराचा नाही. मग फलंदाजीला सोळा-सतरा द्यावेत, एकाग्रता आणि दमसास यांना मात्र वीसच्या आसपास, कारण ४४३ धावा नुसत्या कौशल्याने होत नाहीत. आणि आंतरराष्ट्रीय अनुभवाच्या रकान्यात शून्य लिहावे. ते शून्य लिहिताना संपादकाचा हात जड व्हावा, पण ते शून्यच लिहावे लागते. असा तासभर वाद घालणाऱ्या मुलाने इतिहासाच्या साधनांचे मूल्यमापन करायला सुरुवात केलेली असते, हे त्याच्या पालकांनी ध्यानात घ्यावे.

नावांचा प्रश्न याहून किचकट आहे, आणि बंगळूरमध्ये तर विशेष. हा मेळावा ज्या वसाहतीत भरला आहे, तिचे नावच मुळी आद्याक्षरांचे आहे. जयप्रकाश नारायण यांचे 'जे. पी.' झाले आणि 'नगर' त्याला जोडले गेले. दक्षिणेत माणसांची नावेही अशीच आद्याक्षरे पुढे घेऊन चालतात. जी. आर. विश्वनाथ, बी. एस. चंद्रशेखर या बंगळूरच्या दिग्गजांना विश्वनाथ, चंद्रशेखर म्हणून हाक मारली जाते. तेच त्यांचे स्वतःचे नाव. पण विलायतेत बनलेल्या खेळाच्या कोष्टकात 'पहिले नाव' आणि 'आडनाव' असे दोनच मुख्य रकाने असतात. तिथे विश्वनाथ आडनाव ठरतात आणि 'गुंडप्पा' पहिले नाव. मराठी नावाची तऱ्हा निराळी: राहुल शरद द्रविड, आधी स्वतःचे, मध्ये वडिलांचे, शेवटी कुळाचे. बंगळूरमध्ये वाढलेल्या मराठी मुलाला या दोन्ही पद्धती घरात आणि वर्गात ठाऊक झालेल्या असतात, आणि म्हणून कर्नाटकाच्या संघाची फाइल दुरुस्त करण्यास त्याच्याइतका लायक माणूस सापडणे अवघड.

त्यात आणखी रोमन लिपीचा फेरा. कांबळी रोमन लिपीत गेले की 'ळ' हरवतो. काळे यांचे परतताना 'केल' होऊन येते. साठे आणि साथे एकरूप होतात. जन्मगावाचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची नावे इंग्रजीत अधिकृतपणे बदलली. 'बँगलोर'चे 'बेंगळुरू' झाले आणि 'बेळगाम'चे 'बेळगावी'. माहितीच्या साठ्यात शहराची नोंद एकच असते आणि तिला त्या गावी जन्मलेले सगळे खेळाडू जोडलेले असतात. एक शब्द बदलला की सर्वांचे जन्मस्थान बदलते. गंमत अशी की २०१३ साली स्थापन झालेल्या फुटबॉल क्लबाने 'बेंगळुरू एफ. सी.' हे नाव शहराच्या अधिकृत बदलाआधीच धारण केले होते. काही काळ क्लब एका नावाचा आणि शहर दुसऱ्या नावाचे, अशी नोंद बरोबरच होती. बेळगावच्या बाबतीत कोणते नाव लिहावे यावर मराठी मुलांत काय वाद होतात, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही.

नाव चुकले तर मन दुखावते. वय चुकले तर मात्र सगळा डावच बिघडतो. व्यवस्थापनाच्या खेळात जन्मतारीख हा सर्वांत महत्त्वाचा रकाना आहे. आज अमुक कौशल्य असलेला मुलगा सोळा वर्षांचा असेल तर त्याच्या वाढीला वाव मोठा. तोच अठराचा असेल तर वाव बराच कमी. म्हणजे दोन वर्षे लपवली की संगणकाच्या दृष्टीने एक सामान्य खेळाडू उद्याचा तारा ठरतो. हे केवळ पडद्यावर घडते असे समजणे भाबडेपणाचे होईल. द्रविड यांनी १ डिसेंबर २०१५ रोजी दिल्लीत पतौडी स्मृती व्याख्यान दिले. त्याचा मोठा भाग कनिष्ठ गटांतील वयचोरीवर होता. वय कमी दाखवून संघात शिरलेला मुलगा दुसऱ्या प्रामाणिक मुलाची जागा घेतो, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. क्रिकेट मंडळ हाडांच्या तपासणीने वय ठरवू लागले ते याच रोगामुळे. हौशी संपादकाकडे क्ष-किरण यंत्र नसते. जुन्या स्पर्धेची यादी, शाळेचे प्रसिद्ध झालेले निकाल, दोन वर्तमानपत्रांतील दोन बातम्या यांचा मेळ घालून तो तारीख ठरवतो. मेळ बसला नाही तर फक्त वर्ष लिहितो. अर्धवट पण खरी नोंद पूर्ण पण खोट्या नोंदीपेक्षा बरी, ही शिस्त चांगल्या फाइलींत लगेच ओळखू येते.

पालकांसाठी एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. आकडा ज्याच्या नावापुढे लिहिला जातो, तो कोणाचा तरी मुलगा असतो. '०१/०२' मध्ये डर्बी काउंटीच्या टोंटन झोला मोकोको या किशोराला आणि मिलवॉलच्या चेर्नो सांबाला फार वरचे आकडे मिळाले होते. मोकोको डर्बीच्या मुख्य संघाकडून एकही सामना खेळला नाही. सांबाची कारकीर्द खालच्या विभागांत गेली. पण जगभर त्यांची नावे पडद्यावरील पराक्रमासाठीच आठवली जातात, आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नाही अशी माणसे त्यांना 'तू तसा का झाला नाहीस' असे विचारत आली. खऱ्या मैदानावरही संख्या अशीच मानेवर बसते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ पासूनचा कॉलिन्स यांचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मागे पडला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे तशा धावा होईनात, तेव्हा २०१७ साली वडिलांनी स्वतःहून ती थांबवण्याची विनंती केली. त्या वडिलांच्या वागण्यातला सच्चेपणा फार थोड्यांच्या लक्षात राहिला. सर्वांना आठवतो तो १००९.

म्हणून जाणते संपादक शाळकरी मुलांच्या नोंदी करण्याचे टाळतात, किंवा शक्यतेचा आकडा हात राखून लिहितात. ही गोष्ट घरी मुलांशी बोलावी अशी आहे. वर्गमित्राला 'निर्णयक्षमता चार' देऊन ती फाइल मित्रांत वाटणे ही थट्टा नव्हे.

क्रिकेटच्या बाबतीत भारतीय मुलांनी केलेले काम मोठे आहे, पण त्याची कहाणी थोडी वाकडी आहे. ई. ए. कंपनीचा 'क्रिकेट ०७' हा खेळ नोव्हेंबर २००६ मध्ये आला. तो व्यवस्थापनाचा नव्हे, प्रत्यक्ष बॅट फिरवण्याचा. परवाना केवळ इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचा असल्याने भारताच्या खेळाडूंची नावे त्यात बदललेली होती. दीडच वर्षात, १८ एप्रिल २००८ रोजी, इथेच चिन्नास्वामी मैदानावर आय. पी. एल.चा पहिला सामना झाला. कंपनीने पुढचा क्रिकेटचा खेळ काढलाच नाही. मग ठिकठिकाणच्या मुलांनी संघांच्या याद्या, गणवेश, मैदाने, बॅटवरचे ठसेदेखील स्वतः बनवले आणि तो जुना खेळ वर्षानुवर्षे ताजा ठेवला. यात चोरटी प्रतही बरोबर वाटली जात असे, हे लपवण्यात अर्थ नाही. स्वतःच्या प्रतीतील यादी दुरुस्त करणे आणि दुसऱ्याचा खेळ फुकट वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्मात्याने स्वतः संपादनाचे साधन दिलेले असते, तिथे हा पेच उरत नाही.

शेवटचा विषय हरवलेल्या संघांचा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकला आणि २०१० मध्ये बंद झाला. बंगळूरच्या एच. ए. एल.चा संघ २०११-१२ पर्यंत आय-लीगमध्ये होता. त्या वर्षांच्या याद्या आज मैदानावर कोठेच नाहीत. जुन्या हंगामाच्या फाइली जपणाऱ्यांमुळे असे संघ पडद्यावर तरी उतरवता येतात. उलट कोल्हापूरचे फुटबॉल पाहावे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ, शाहू स्टेडियम, पेठापेठांतील चुरस. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण हे पेठांचे फुटबॉल खेळाबरोबर येणाऱ्या माहितीत नसते.

ते तिथे आणण्यासाठी लागणारे साधन 'फुटबॉल मॅनेजर'बरोबर विनामूल्य मिळते. नवी लीग, नवे संघ, परस्परांतील वैर, जर्सीचे रंग, सारे भरता येते. अडते ते माहितीपाशी. तालमीच्या संघाचे स्थापनावर्ष कोणते, जर्सीचा मूळ रंग कोणता होता, १९८० च्या हंगामात गोलरक्षक कोण होता, त्याचे खरे नाव काय आणि पेठेत त्याला कोणत्या नावाने हाक मारत. या प्रश्नांची उत्तरे संगणकावर मिळत नाहीत. ती तालमीतल्या भिंतीवरच्या समूहछायाचित्रांत आहेत, वर्तमानपत्रांच्या पिवळ्या कात्रणांत आहेत, शाळांच्या क्रीडाविभागातील आंतरशालेय स्पर्धांच्या नोंदवह्यांत आहेत, आणि आज या सभागृहात बसलेल्या, सत्तरी गाठलेल्या काही माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात आहेत. जे. पी. नगरमधील एखादा नातू या सुट्टीत कोष्टक उघडून बसला, तर त्याचा पहिला फोन कोल्हापूरला, आजोबांना जायला हवा.